दार लोटून घ्या, मांजर आहे

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. ज्याच्या घरात आधीच दोन कुत्रे आहेत आणि ज्याने भर पावसात पार्किंगमध्ये ओरडणारं मांजराचं पिल्लू ‘फक्त आजच्या रात्रीपुरतं’ वर आणलं आहे, तो नवशिका. ही रात्र साधारण पंधरा वर्षं चालते. घरात राहणारी मांजरं सहज तेवढी जगतात.

साहित्य: मांजर एक. कुत्रे दोन, त्यांतला निदान एक लॅब्राडोर. वन बीएचके फ्लॅट, वसई पूर्व, नालासोपारा किंवा विरार पश्चिमेचा. दार उघडं टाकून बोलत उभी राहणारी माणसं चवीनुसार.

वसईच्या पश्चिमेकडच्या वाडीतल्या वाचकांनी पुढचं पान उलटलं तरी चालेल. निर्मळ, गिरीज, भुईगावकडचं मांजर पळून जात नाही, ते फिरून येतं. त्याला केळीची बाग आहे, बावखलाचं पाणी आहे, शेजारच्या तीन घरांतली चूल आहे. पाचूबंदरच्या मांजराला तर बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांखाली पहारा करायची नोकरीच असते. प्रश्न आहे तो चौथ्या मजल्यावरच्या मांजराचा. त्याने बाहेरचं जग फक्त खिडकीतून पाहिलेलं असतं, आणि ते जग आपलंच आहे अशी त्याची खात्री असते.

खरं तर दाराबद्दल वसई-विरारच्या माणसाला शिकवायला नको. बोरिवलीला उतरायचं म्हणून जो चुकून विरार लोकलच्या गर्दीत चढतो त्याचं काय होतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. मांजर मात्र त्याच गर्दीतून, कोणाच्या पायाला न लागता, बरोबर बोरिवलीला उतरतं.

तर पहिलं काम खिडक्यांचं. मांजराचं गळ्याजवळचं हाड आपल्यासारखं खांद्याला जोडलेलं नसतं, ते नुसतं स्नायूंत अडकलेलं असतं. म्हणून एकदा डोकं गेलं की मागचं सगळं अंग निमूट मागोमाग जातं. तुमच्या ग्रिलच्या दोन गजांमध्ये तुमची मूठ जात असेल, तर मांजराच्या दृष्टीने तिथे ग्रिल नाहीच. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर विसंबू नका. ती कबुतरांना अडवते, पण मांजर बसल्या बसल्या एकेक दोरा कुरतडतं. डासांची फायबरची जाळी नखांच्या एका फटकाऱ्यात फाटते. स्टीलची विणलेली जाळी लावा. लोखंडी स्वस्त पडते, पण समुद्र जवळ, वारा खारा आणि चार महिने पाऊस. दोन पावसाळ्यांत तिचा भुगा हातात येतो, आणि तो मांजराच्या आधी तुमच्या लक्षात येईल याची हमी कोण देणार?

‘मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवरच पडतं’ असं सांगणारे काका प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतात. अर्धं खरं आहे. 1894 साली फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाने पडणाऱ्या मांजराचे लागोपाठ फोटो काढून ते हवेत कसं वळतं हे दाखवलं होतं. पुढे 1987 साली न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्यांतली नव्वद टक्के वाचली होती. काकांना इथवरचंच माहीत असतं. त्या यादीत फक्त दवाखान्यात आणलेली मांजरं होती. जी खालीच संपली, त्यांना कोण कशाला दवाखान्यात नेईल? आणि जी वाचली त्यांतल्या कित्येकांची छाती, जबडा, पाय दुखावलेले होते. काकांना चहा द्या आणि जाळी लावून घ्या.

आता मुख्य दार. इथे घाई नको, कारण मांजर खिडकीतून क्वचित आणि दारातून रोज जातं.

वेळ संध्याकाळी सातची घ्या. बेल वाजते. लॅब्राडोर सोफ्यावरून उडी मारून दाराशी. दुसरा, रस्त्यावरून आणलेला, त्याच्या पाठीवरून दाराशी. दोघे भुंकतायत. बाहेर पार्सलवाला ओटीपी विचारतोय. आतून कोणी म्हणतं, ‘अहो, माझा फोन कुठंय?’ तुम्ही एका हाताने लॅब्राडोरचा पट्टा धरता, दुसऱ्याने कडी काढता, मांडीने दुसऱ्या कुत्र्याला रेटता आणि तोंडाने चार आकडे सांगता. या वेळी मांजर फ्रिजवर झोपलेलं असतं, हे तुम्ही बेल वाजण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पार्सल हातात येतं तेव्हा फ्रिजवर मांजर नसतं.

यात मांजराने काहीच केलेलं नाही. भुंकणं, बेल, उघडणारं दार, माणसांचं अडकलेलं लक्ष, हे सगळं तुम्ही जुळवून दिलंत. ‘मांजर पळालं’ असं म्हणून जे घर हळहळतं, त्या घरात दर वेळी कोणी तरी माणसाने दार उघडलेलं असतं. एवढं मान्य असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

सेफ्टी डोअर असेल तर त्याच्या खालच्या अर्ध्या भागात जाळी ठोकून घ्या. त्यावरचे वेलबुट्टीचे नक्षीकाम मांजराला शिडीही पुरवते आणि वाटही. मुलांसाठीचं बुटकं फाटक विकत आणू नका. ते कुत्र्यांना अडवतं आणि मांजराला उडीचा सराव देतं. खरा उपाय फुकट आहे आणि म्हणूनच कोणाला पटत नाही: बेलचा अर्थ बदला. रोज थोडा वेळ घरातल्याच कोणाला बाहेर पाठवून बेल वाजवायला लावा, आणि बेल वाजताच बेडरूममध्ये सुक्या जवळ्याची चिमूट टाका. मांजराच्या पुढ्यात, दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. काही आठवड्यांत बेल वाजली की मांजर दाराकडे न येता बेडरूमकडे पळतं. मग बेडरूमचं दार ओढायचं, मग मुख्य दार उघडायचं. कुत्र्यांनाही हाच धडा, फक्त त्यांची जागा हॉलमधली चटई. चटईवर बसल्याशिवाय दार उघडत नाही हे लॅब्राडोरला कळतं. दुसऱ्याला आधीपासूनच कळतं, तो तुमची परीक्षा पाहत असतो.

त्या लॅब्राडोरने दांडीचं हँडल पंजाने खाली ओढून दार उघडायला शिकून घेतलं असेल, तर वरच्या बाजूला साधी कडी बसवा. मांजर आणि कुत्रा यांचं एरवी पटत नाही, पण दाराच्या बाबतीत त्यांची युती होते.

सगळ्यात अवघड वेळ दिवेलागणीची. तिन्हीसांजेला दार उघडं ठेवावं, लक्ष्मी येते, ही आजीची श्रद्धा आणि ती मोडायची हिंमत नवशिक्याने करू नये.

‘अगं, दिवा लावलाय, दार लावू नये आत्ता.’

‘आई, सेफ्टी डोअर लावते फक्त. त्याच्या जाळीतून येईल ना लक्ष्मी.’

‘येईल. पण तुझी मनी कुठंय ते आधी बघ.’

इथे आजीचं बरोबर आहे. दार उघडण्याआधी मांजर बघायचं, नंतर नाही. सूनबाईंचंही बरोबर आहे. या घरात दोघींचं एकमत झालं तर मांजर सुरक्षित.

पण बाहेर का जायचं असतं त्याला? पुष्कळदा कारण कुत्रेच असतात, आणि भांडणाऱ्या कुत्र्यांपेक्षा खेळकर कुत्रे जास्त. मांजराला पळायचं असतं ते वर. घरात वर जागा नसेल तर ते बाहेर जागा शोधतं. कपाटाच्या माथ्यावरच्या जुन्या सुटकेस हलवा, मधे एक फळी ठोका. हॉलमधून बेडरूमपर्यंत जमिनीला पाय न लावता जाता आलं पाहिजे. नवीन मांजर आणलं की पहिले काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, त्याची आणि कुत्र्यांची अंथरुणं अदलाबदल करून वास ओळखीचा होऊ द्या, बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची ताटं ठेवा. समोरासमोर आणाल तेव्हा पट्टा कुत्र्याच्या गळ्यात हवा.

लिटर ट्रेबद्दल एक नाजूक गोष्ट. त्यात जे सापडतं त्याला कुत्रे फराळ समजतात. ट्रे जर कुत्र्यांच्या वाटेत असेल, तर मांजर तिथे बसलेलं असताना मागून कोणी तरी वाट बघत उभं असतं. अशा परिस्थितीत तुम्हीही घर सोडाल. ट्रे ड्राय बाल्कनीत ठेवा, दार मांजरापुरतं उघडेल असं दोरीने बांधा. त्या बाल्कनीलाही जाळी हवी, वर खिडक्यांसाठी सांगितली तीच. जेवणही वर, ओट्यावर किंवा फ्रिजवर. कुत्र्यांना फिरायला न्यायच्या वेळीच मांजराला खायला घाला, म्हणजे दार उघडण्याच्या घटकेला त्याचं तोंड ताटलीत असेल.

नसबंदी करून घ्या. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, मग खालून बोके रात्रभर गातात आणि वरून ती साथ देते. तेव्हा तुमच्या जाळ्या, कड्या, जवळा यांचा काही उपयोग नसतो. बोक्याचंही तेच. रेबीजची लस घरातल्या मांजरालाही टोचून घ्या, कारण एकदा बाहेर गेलं की ते घरातलं राहत नाही. गळ्यात पट्टा घालायचा तर ओढ लागताच सुटणारा घाला, नाहीतर तोच ग्रिलमध्ये अडकून फास होतो. तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप खांद्यांमध्ये बसवून मिळते. तिचा पंधरा आकडी नंबर तुमच्या फोन नंबरशी जोडलेला नसेल तर तो तांदळाचा दाणाच समजा.

गणपती विसर्जन आणि दिवाळी या दिवसांना अपवाद नाही: मांजर बाथरूममध्ये, दार बंद, पाहुण्यांनी हात दुसरीकडे धुवावेत.

इतकं करूनही ते गेलंच तर? सगळ्यात आधी कुत्र्यांना घरात बांधा. ‘वास घेत शोधतील’ ही कल्पना सिनेमात ठीक आहे. हरवलेल्या 1210 मांजरांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्यांपैकी चारात तीन मांजरं निसटल्या जागेपासून 500 मीटरच्या आत मिळाली होती, आणि घरातच वाढलेली मांजरं आणखी जवळ. तेव्हा नालासोपाऱ्याहून चर्चगेटपर्यंत चौकशी करू नका. मीटर रूम बघा, पंप रूम बघा, जिन्याखाली, गच्चीच्या टाकीमागे, उभ्या असलेल्या गाड्यांखाली. ते तुम्हाला बघत असतं आणि उत्तर देत नाही. मोठ्याने हाका मारू नका, दहा जणांना गोळा करू नका. रात्री वर्दळ थांबली की टॉर्च घेऊन एकट्याने जा, डोळे चमकतील. सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवा आणि लांब बसा. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकाच, पण पाण्याच्या टँकरच्या निरोपांमध्ये तो वाहून जाईल, म्हणून वॉचमनला प्रत्यक्ष भेटून दाखवा. रात्री कोण कुठल्या गाडीखाली आहे हे त्यालाच माहीत असतं.

आणि ज्यांच्याकडे मांजर नाही, कुत्रे नाहीत, फक्त गाडी आहे, त्यांना एक विनंती. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. इंजिनाच्या उबेला आत शिरलेलं चौथ्या मजल्यावरचं कोणाचं तरी मांजर बाहेर पडेल. ते पडलं की त्याच्यामागे धावू नका. वर बेल वाजवा, आणि दार उघडेपर्यंत थोडं थांबा, आत बराच गोंधळ चालू असेल.