शेंगोळ्यांचा फेरफार

आधणात सोडलेले शेंगोळ्याचे वेटोळे तळाशी जाते, क्षणभर विचार करते आणि वेटोळ्याच्याच रूपाने पुन्हा वर येते, असा शिरस्ता आहे. माझी पहिली अकरा वेटोळी वर आली ती पिठल्याच्या रूपाने. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून, प्लास्टरमधला उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवून बसलेल्या आमच्या कुटुंबाने पातेल्यात न डोकावताच निकाल दिला, "पाणी उकळलं नव्हतं." वाफा येत होत्या, ही गोष्ट मी नम्रपणे निदर्शनास आणून दिली. "वाफा तुमच्याही डोक्यातून येतात," ही म्हणाली, "त्याला उकळी म्हणत नाहीत."

हिच्या मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवड्यांच्या मुदतीसाठी आमच्या स्वयंपाकघराची मुखत्यारी माझ्याकडे आली, तेव्हा ती मी ज्या डौलाने स्वीकारली तो डौल आता लपविण्यात अर्थ नाही. आमच्या नाशिक रोडला 'प्रेस' म्हटले, की वर्तमानपत्र कोणाच्याही मनात येत नाही. १९२५ साली स्थापन झालेला टपाल-तिकिटांचा आणि १९२८ साली सुरू झालेला नोटांचा, असे दोन सरकारी छापखाने डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांपैकी दुसऱ्यात मी चौतीस वर्षे छापून आलेल्या तावांतील दोष हुडकीत होतो. दोष हुडकण्याचा ज्याला दरमहा पगार मिळतो, त्याला संध्याकाळी घरी येऊन तेच काम विनावेतन करण्याची खोड लागते. पानात वाढलेल्या आमटीचा पहिला घोट घेऊन मी शेरा मारीत असे : "मीठ कणभर कमी." "फोडणी करपल्याचा संशय." "परवाच्या मानाने पातळ." हे शेरे तोंडी असत, पण त्यांवर अपील नसे.

अशा जाणकार पुरुषाला चार पातळ पदार्थ करणे काय अवघड? पोळ्या करायला बाई लावली होती. माझ्याकडे आले ते केवळ ओतण्याचे आणि भुरकण्याचे खाते. पहिल्या आठवड्यात मी मुगाचे कढण केले, ताकाची कढी केली (ती फुटली, तिला मी 'दाणेदार' म्हटले), आणि टोमॅटोचे सार केले. आमच्या जिल्ह्यात टोमॅटोचा भाव एकदा कोसळला, की शेतकरी भरलेले क्रेट रस्त्याच्या कडेला ओतून देतो, आणि त्याच रस्त्याने भर बाजारात जाऊन माझ्यासारखा निवृत्त गृहस्थ दोन किलोंसाठी घासाघीस करतो; त्या साराला जी किंचित आंबट चव होती ती सगळीच टोमॅटोची नसावी. प्रत्येक पदार्थाची मी वहीत तारीखवार नोंद ठेवली : पाणी किती वाट्या, आच मंद की मध्यम, उकळी फुटल्याची वेळ मनगटी घड्याळाप्रमाणे. आमचे शेजारी देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार. ती वही पाहून ते म्हणाले, "साहेब, तुम्हाला डूलाली झालंय." पलटणीची मुदत संपलेले गोरे शिपाई पूर्वी देवळालीच्या छावणीत विलायतेच्या बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने रिकामे बसत, आणि त्या रिकामपणाने त्यांची डोकी फिरत, त्यावरून इंग्रजीत वेडाला 'डूलाली टॅप', म्हणजे देवळालीचा ताप, हे नाव पडले. आपल्या शेजारच्या गावाने साहेबाच्या भाषेला एखादा शब्द द्यावा आणि तो वेडाचा असावा, याचा मला जितका अभिमान वाटतो तितका तो फिरून माझ्याच माथी बसला याचा वाटला नाही.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर 'सूप' या शब्दाविषयी मला बोलू द्यावे. घरात कोणी बोलू देत नाही.

टोमॅटोच्या साराला आमचा नातू 'सूप' म्हणाला, त्या क्षणी माझ्यातला संस्कृताभिमानी जागा झाला. अरे, सूप हा साहेबाचा शब्द नव्हेच. सूप म्हणजे वरण, डाळीचा पातळ रस, आणि तो रांधणारा तो सूपकार! अज्ञातवासात विराटाघरी बल्लव हे नाव धारण करून भीमसेन राहिला, तो पाकशाळेतच ना? नलराजाच्या नावावर तर 'पाकदर्पण' हा आख्खा ग्रंथ मोडतो. म्हणजे एक गदाधारी आणि एक चक्रवर्ती, दोघेही माझेच व्यवसायबंधू. पुढे छापखाने आले आणि १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी मराठीत स्वयंपाकाचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचे नाव काय? 'सूपशास्त्र'! अवघ्या पाककलेला आपल्या पूर्वजांनी पातळ पदार्थाचे नाव द्यावे, याहून माझ्या खात्याच्या थोरवीचा दुसरा कोणता दाखला हवा? तेव्हा इंग्रजांनी हा शब्द, मिरीच्या पाण्याला दक्षिणेत जे तमिळ नाव आहे त्यावरून 'मुलिगाटॉनी' नेला तसाच, आपल्याकडून उचलला असला पाहिजे, असा सिद्धान्त मी मांडला, आणि सार निवून त्यावर साय धरेपर्यंत तो नातवाला, जावयाला, आणि कुरियर घेऊन आलेल्या मुलालाही समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी, केवळ पुराव्याची पूर्तता म्हणून, वाचनालयात जाऊन इंग्रजीचा व्युत्पत्तिकोश उघडला. त्यात लिहिले होते, की हा शब्द फ्रेंचांकडून आला, आणि रश्शात भिजवलेल्या पावाच्या तुकड्याशी त्याचे नाते आहे. संस्कृत सुपाशी त्याचा संबंध इतकाच, की दोघांचा उच्चार सारखा. मी कोश मिटला, फळीवर होता तिथेच ठेवला आणि घरी कोणाला काही बोललो नाही. हा लेख छापून आला तर नातवाला ते आता कळेल.

हिला मात्र 'सूप' या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. "सूप ना?" ही म्हणाली, "माळ्यावर आहे. काढा आणि हुलगे पाखडा." त्या दिवशी मला असे ज्ञान झाले, की पाखडणे वेगळे आणि घोळणे वेगळे, पाखडण्याने फोलपट पुढे उडते, घोळण्याने खडे एका कडेला येतात, आणि दोन्ही क्रिया एकदम करू पाहणाऱ्याचे हुलगे फ्रिजखाली जातात. भीमसेनाला हे काम होते की नाही, याचा उल्लेख माझ्या वाचनात नाही.

हुलगे काढण्याचे प्रयोजन मात्र वाङ्मयीन होते. एका दिवाळी अंकाने माझ्याकडे लेख मागितला होता (खरे म्हणजे, मीच त्यांच्याकडे मागणी मागितली होती), आणि विषय मी निश्चित केला होता : 'आईच्या हातचे शेंगोळे'. जेल रोडला राहणाऱ्या मनुष्याला आईखेरीज दुसरा विषय सुचावा कसा? याच कारागृहात १९३३च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. त्या भिंतीवरून रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या मला, माझ्या आईवर चार पाने लिहायला पाच महिने पुरू नयेत, याची लाज वाटत होती. शेवटी लिहिली. थंडीची रात्र, चुलीचा धूर, हुलग्याच्या पिठाने माखलेल्या हिरव्या बांगड्या, लसणीच्या फोडणीचा घमघमाट, आणि ताटलीत वाफाळणारी ती तपकिरी वेटोळी, असे सर्व काही त्यांत होते. गळा दाटून आल्यामुळे मी ती मोठ्याने वाचीत होतो.

स्टुलावरून प्रश्न आला, "अहो, पण सासूबाईंनी शेंगोळे कधी केले?"

मी चष्मा काढला. ही पुढे म्हणाली त्यात आवाज चढलेला नव्हता. भाजीवाल्याचा हिशेब दुरुस्त करावा तशी ही बोलत होती. माझी आई निफाडकडची, कालव्याच्या पाण्याखालच्या गावची. तिच्या माहेरी हुलगे भरडून बैलांपुढे ठेवीत; माणसांनी ते खावेत ही कल्पनाच तिला अपमानास्पद वाटे. हुलग्यांचे राज्य सिन्नरच्या पूर्वेला, कोरडवाहू रानात, म्हणजे हिच्या माहेरी. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत हिने शेंगोळे केले, मी दुसऱ्या पाळीवरून रात्री उशिरा आलो, जेवलो, आणि कोणी केले हे न विचारता म्हणालो, "वा! आईच्या हातची चव ती आईच्या हातची!" आई भिंतीला टेकून तिथेच बसली होती. मी झोपायला गेल्यावर ती सुनेला म्हणाली, "त्याला माझे वाटले ना? वाटू दे. तू करत जा, म्हणजे तो खाईल." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कामावर गेल्यानंतर, त्याच आईने रात्रीचे उरलेले शेंगोळे गरम करून मागून घेतले.

"मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही पाहुण्यांना किती रंगवून सांगायचात. डोळ्यांत पाणी यायचं लोकांच्या."

चुलीच्या उजेडातल्या, पिठाने माखलेल्या त्या बांगड्या मी नीट आठवून पाहिल्या. आई विधवा होती. तिच्या हातात बांगड्या असणेच शक्य नव्हते. लाखो तावांतून एखाद्या तावावरची केसाएवढी सरकलेली रेघ ज्याला दिसत असे, त्याला आपल्याच आठवणीतला एवढा ढळढळीत दोष एक्केचाळीस वर्षांत दिसला नाही.

मी हिशेब केला. कारकुनी मनुष्य दुःखातही हिशेब करतो. एक्केचाळीस वर्षे, दिवसाला दोन जेवणे, म्हणजे २९,९३०. माहेरपणे आणि बाळंतपणे वजा जाता सत्तावीस हजार तरी राहतातच. त्या सत्तावीस हजार जेवणांसाठी आमच्या दारात कोणी कौतुक करायला आल्याचे स्मरत नाही. आणि मी सहा दिवस कढण ढवळले, तर इमारतीतल्या काकू येऊन गेल्या, समोरच्या वहिनी येऊन गेल्या, आणि "किती करता हो तुम्ही! वहिनी, नशीबवान आहात," असे हिच्यासमोर, हिच्या मोडक्या हाताकडे पाहून म्हणाल्या. ही हसली. मीही त्या वेळी हसलो होतो, आणि माझे हसणे निर्मळ नव्हते. मला ते आवडले होते. तलाठ्याच्या दप्तरात असे पुष्कळ घडते : जमीन कसतो एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे. पण तिथे निदान कसणाऱ्याची तक्रार तरी असते. येथे मूळ मालकीण, खोटी मालकीण आणि वहिवाट या तिन्ही बाबतींत दोन बायकांनी परस्पर तडजोड केली होती, आणि मी, ज्याच्यासाठी हा सारा व्यवहार, तो पानावर बसून मीठ कणभर कमी असल्याचा शेरा मारीत होतो.

म्हणून मी त्या दिवशी शेंगोळे करायला घेतले, आणि पहिली अकरा पाण्यात घालवली.

बारावे हिच्या हुकुमाबरहुकूम केले. हुलग्याच्या पिठात मूठभर गव्हाचे पीठ, लसूण-मिरची-जिऱ्याचे वाटण, हळद, मीठ, कोथिंबीर. पीठ घट्ट, म्हणजे बोट दाबले असता खूण राहील पण बोटाला चिकटणार नाही, इतके घट्ट. तळव्याला तेल लावून गोळा वळायचा, तो लांबवत पेन्सिलीएवढा जाड करायचा, दोन टोके जुळवून दाबायची. "दाबा," ही म्हणाली, "नुसती शेजारी ठेवू नका." लसणीच्या फोडणीचे पाणी खदखदू लागले तेव्हा, "आता एकेक सोडा, घाई नको, उकळी मोडते," आणि मी डाव उचलताच, "हात लावायचा नाही!" वेटोळे तळाशी गेले. आम्ही दोघे पातेल्याकडे पाहत राहिलो. ते वर आले, कडा शाबूत ठेवून, किंचित फुगून. रस्सा दाट करायला वेगळे पीठ कालवून लावायचे असते. त्याची गरज नव्हती, पहिल्या अकरांनी ते काम अगोदरच केले होते.

हिला डाव्या हाताने चमचा धरवत नाही, म्हणून पहिला घास मी भरवला. हिने तो सावकाश खाल्ला. मी एका शेऱ्याची वाट पाहिली, आणि ती वाट पाहताना पोटात नेमके काय होते ते मला प्रथमच समजले. ही म्हणाली, "मीठ कणभर कमी आहे."

एवढ्यात वासाने हवालदार आले. हुलगे म्हणजे तोफखान्याच्या घोड्यांचा जुना खुराक, साहेब त्याला म्हणायचाच घोड्याचे हरभरे, असे सांगत त्यांनी दोन ताटल्या संपवल्या, तिसरी पुढे केली, आणि तृप्त होऊन विचारले, "आईची पद्धत ना तुमच्या? तुम्ही नेहमी सांगता ती?"

स्टुलावरून ही माझ्याकडे पाहत होती.

"सासूबाईंची," मी म्हणालो. "सिन्नरच्या. हिने आणली." आणि हवालदार मान डोलावून पुन्हा ताटलीकडे वळतात न वळतात, तोच मला राहवले नाही. "लसूण मात्र," मी म्हणालो, "मी थोडी जास्त घातली आहे."