शीड, दाजी आणि ताडपत्रीवाला

आमचे दाजी नौदलातून निवृत्त झाले आणि नांदेडला घर बांधून राहिले. येताना मुंबईहून टेम्पोत घालून एक जुनी, शिडाची छोटी होडी घेऊन आले. विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयात ती सोडायची, असा बेत. परवानगीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे. तोवर होडी अंगणात, दोनचाकी ट्रॉलीवर. अक्का तिच्यावर कुरडया वाळत घालते. शेजारी विचारतात, "कामून आणली हो ही?" दाजी म्हणतात, "गोदावरी आहे की गावात!" मे महिन्यात हेच उत्तर जरा हळू आवाजात येतं.

मी लातूरचा. पाण्यावरून कुणाला हसायचा हक्क आम्हाला नाही. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून दहा वाघिणी पाणी घेऊन आमच्या गावी आल्या. एकेका वाघिणीत सुमारे 50 हजार लिटर. जिथं पाणीच रेल्वेने आणावं लागलं, तिथल्या माणसाला दाजींनी होडीच्या दुरुस्तीला बोलावलं. मेहुण्याला कामाला लावताना पात्रता बघायची नसते.

दुखणं शिडाचं होतं. डोलकाठीच्या मागच्या अंगाला खालपासून वरपर्यंत एक खोबण असते. शिडाच्या कडेला ओळीने आयलेट, आणि प्रत्येक आयलेटला कडीने अडकवलेली पेराएवढी नायलॉनची स्लाइड. स्लाइडी खोबणीत घालायच्या, दोरी ओढायची, की शीड सरसर वर चढतं. दाजींनी त्यातली एक स्लाइड चिमटीत धरून वाकवली. भाजलेल्या पापडासारखी ती मोडली.

"पाणी न बघताच झिजली?" मी विचारलं.

"पाण्याने कुठं, उन्हाने गेली," दाजी म्हणाले. ऊन नायलॉनला आतून ठिसूळ करतं, आणि त्या मालाचा तुटवडा मराठवाड्यात कधीच पडला नाही. शिवाय वाऱ्यावर फडफडताना पोलादी कड्यांनी पितळी आयलेटही घासून लांबट केले होते. म्हणजे स्लाइडी, कड्या, आयलेट, सगळंच बदलायला आलं.

वजिराबादच्या दुकानदाराने नमुना उलटसुलट बघितला आणि पडद्याच्या पट्टीतले रनर पुढे केले. दिसायला सख्खे भाऊ. खोबणीत बसलेही. दाजींनी अंगणात शीड चढवलं, अक्काने कौतुकाने चहा ठेवला, आणि नेमकी तेव्हाच अवकाळी वाऱ्याची वावटळ आली.

दाजींच्या तोंडी उठताबसता कमांडर दिलीप दोंदे असतात. दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरांवर थांबत 19 मे 2010 रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने शिडावर जग फिरणारे ते पहिले भारतीय. दाजींची होडी त्या दिवशी तुळशीपासून फाटकापर्यंत गेली, पण विनाथांबा. फाटकाला धडकली तेव्हा रनर वरून खाली, एकामागून एक, तडतड सुटत आले. जोर सगळ्यात आधी वरच्या टोकावर येतो, हे मला तेव्हा कळलं. कुरडयांचं काय झालं, ते अक्काला विचारण्याची छाती आम्हा दोघांतही नव्हती.

मग दाजींनी व्हर्नियरने खोबण मोजली आणि खऱ्या स्लाइडी मुंबईहून माझ्या लातूरच्या पत्त्यावर मागवल्या. कुरिअरवाल्या पोराने फोन केला, "सर, यावर मरीन लिहिलंय. लातूरच ना?" शीड मी एसटीने लातूरला नेलं. कंडक्टरने "मंडप का?" एवढंच विचारून लगेजचं तिकीट फाडलं.

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एकावर माझ्या ओळखीचा ताडपत्रीवाला बसतो. त्याने शीड पसरून हात फिरवला.

"लई पातळ हाय. तूर झाकायची का सोयाबीन?"

"होडीचं शीड आहे."

"होडी कुठाय?"

"नांदेडला. अंगणात."

"आन् पाणी?"

मी गप्प. तोही बिचारा लातूरचाच, पुढं काही बोलला नाही.

काम मात्र त्याने बघत राहावं असं केलं. जुने आयलेट पकडीने उचकटले. भोकाभोवती कापडाची ठिगळं लावली. लाकडी ठोकळ्यावर ठसा ठेवून नवे पितळी आयलेट ठोकले, प्रत्येकी दोनच घाव. कड्या त्याने बाजूला सारल्या. "लोखंड पितळंला खातंय. पट्टा लावतो." नायलॉनचा पट्टा नको, पॉलिस्टरचा, उन्हात तो जास्त टिकतो, हे मला त्याला सांगावं लागलं नाही. पट्टा आयलेटमधून आणि स्लाइडमधून चार वेळा फिरवला, आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दाभणाने शिवून टाकला. मग मान वर करून विचारलं, "वारं वरून वढतंय का खालून?"

"वरून."

"मग वर डबल मारतो. ट्रकच्या ताडपत्रीचाबी पुढचाच कोपरा आधी जातोय."

जन्मात समुद्र न बघितलेल्या माणसाने शिडाचं गणित हायवेवर सोडवून ठेवलेलं होतं. वारा समुद्रावरचा असो की लातूर-नांदेड रस्त्यावरचा, ओढतो सारखाच.

शीड नांदेडला परत आल्यावर दाजींनी एकेक टाका ओढून, नखाने खरवडून तपासला. खोट सापडेना, तेव्हा म्हणाले, "ठीक आहे." नौदलात याहून मोठं प्रशस्तिपत्र नसावं.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गच्चीवर, अंगणात कधीतरी वापरू म्हणून उन्हात ठेवलेलं काही असेल, तर त्याचं नायलॉन-प्लॅस्टिक आजच वाकवून बघा आणि वर एक जुनं धोतर तरी टाका. मोडलंच, तर गंजगोलाईला या. आमचा ताडपत्रीवाला हल्ली गिऱ्हाइकाला आधी हेच सांगतो की, नेव्हीची कामं आपल्याकडेच येतात.