कॉपीचा ग्रामोद्योग वाचवा!

फेब्रुवारी लागला की सरकार कॉपीच्या मागे हात धुऊन लागतं. जिल्ह्याच्या ठिकाणी बैठका होतात, भरारी पथकं नेमली जातात, परीक्षा केंद्राच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवण्याचे आदेश निघतात आणि पोरांना रांगेत उभं करून कॉपी न करण्याची शपथ दिली जाते. शपथेचा मजकूर वरून तयार येतो. तो स्वतः लिहून काढण्याची सक्ती कुणावरच नाही.

आमच्या पिपरी मेघेत या मोहिमेला कुणी घाबरत नाही. गावाचा कारभार ग्रामपंचायतीचा असला, तरी 2011च्या जनगणनेने आम्हाला शहर म्हणून मोजलं आहे. कागदावर एक आणि जमिनीवर दुसरं, याची सवय आहे. शिवाय आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. बंदी आली की वस्तू जात नाही, दुकानाची पाटी तेवढी जाते आणि भाव चढतो, हे अर्थशास्त्र इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्यासाठी त्याला चिठ्ठी लागत नाही.

तरीही आज कॉपी संकटात आहे. तिला मारलं ते सरकारने नव्हे, यंत्राने. आणि यंत्राने हातचं काम हिरावलं की वर्धेकरांनी आवाज उठवायचा, ही परंपराच आहे. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तो इथेच, वर्ध्यात; त्याचं ठाणं मगनवाडीत. संघाच्या जे. सी. कुमारप्पांनी तिथे बसून घाण्याचं तेल, हातसडीचे तांदूळ आणि हातकागद यांची बाजू लढवली. हातकागद पुढे प्रदर्शनात जाऊन बसला. मात्र कागदावरची एक हस्तकला खेड्यापाड्यांत टिकून राहिली, ती म्हणजे चिठ्ठी.

जुन्या चिठ्ठीची कारागिरी आठवून पाहा. आधी कोणता प्रश्न येणार याचा अंदाज बांधायचा. मग तीन पानांचं उत्तर तीन बोटं कागदावर बसवायचं, म्हणजे मुद्दा कोणता आणि पाल्हाळ कोणतं हे ठरवणं आलं. मग मुंगीच्या पायाएवढं अक्षर. मग कोठार लावायचं: आवर्ती वर्गीकरण उजव्या मोज्यात, प्रकाशाचं अपवर्तन कॉलरखाली, आणि सगळ्याची अनुक्रमणिका तळहातावर. एवढा खटाटोप होईस्तोवर उत्तर अर्धंअधिक डोक्यात शिरलेलं असे. कित्येक सज्जन पोरं केवळ या अपघाताने पास झाली. पर्यवेक्षक दारातच उभे राहिल्याने मोज्यात हात घालता आला नाही, आणि तरी पेपर सुटला!

ऑक्टोबर 1937मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तेव्हा गांधीजींनी हेच तर मांडलं होतं: हाताच्या उद्योगातून शिक्षण द्या. झाकिर हुसेन समितीने त्यावर अभ्यासक्रम बेतला, त्यात सूतकताई होती. समितीतल्या विद्वानांना चिठ्ठीकताई सुचली नाही. ती पोरांनी आपली आपण शोधून काढली. गांधीजींची ही नई तालीम सरकारी शाळांतून केव्हाच हद्दपार झाली. शेवटच्या बाकावर मात्र ती बरीच वर्षं नांदत होती.

मग मायक्रो झेरॉक्स आली आणि अक्षर गेलं. मग व्हॉट्सअॅप आलं आणि कागदही गेला. मार्च 2023मध्ये बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पानं बुलढाणा जिल्ह्यातून पेपर सुरू होण्याआधीच मोबाइलवर फिरली, आणि पकडलेल्यांत शिक्षकही निघाले. त्याच वर्षी परीक्षा मंडळाने दहा मिनिटं आधी पेपर वाटण्याची सवलत बंद केली आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडून दिली. मंडळाचा हेतू चांगला होता. पण ज्याला काहीच येत नाही, त्याला छताकडे बघायला आणखी दहा मिनिटं मिळाली.

आता चॅटबॉट आला आहे. आमच्याकडचा झेरॉक्सवाला दुकानात माशा मारत बसतो. म्हणतो, “आता पोट्टे येतच नाई, सर. पहिले म्हनत, भाऊ, बारीक करून दे. आता सारं मोबाइलमंदीच भेटते त्याईले.” प्रश्नाचा फोटो काढायचा, आलेलं उत्तर वहीत उतरवायचं, मधे डोकं घालायचं नाही. एका दहावीच्या पोराच्या प्रकल्पवहीची पहिलीच ओळ अशी: “नक्कीच! इयत्ता दहावीला साजेसं उत्तर खाली देत आहे.” खाली सरांची लाल सही होती आणि पैकीच्या पैकी गुण होते. लिहिणाऱ्याने वाचलं नाही, तपासणाऱ्यानेही वाचलं नाही. इतका निर्मळ व्यवहार जुन्या चिठ्ठीच्या काळात शक्य नव्हता.

सरांना तरी काय बोलायचं? शिक्षक होण्यासाठीची टीईटी घेणाऱ्या परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच डिसेंबर 2021मध्ये पुणे पोलिसांनी गैरव्यवहाराच्या प्रकरणात अटक केली. त्याच प्रकरणात पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. शाळेला शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स हवा असतो, बापाला पेढे वाटायचे असतात, संस्थेला तुकड्या टिकवायच्या असतात. अशा गोतावळ्यात कॉपी न करणारं पोर म्हणजे नसती पीडा. राजकोटच्या शाळेत निरीक्षक आले असताना मोहनदास गांधी नावाच्या पोराला ‘केटल’चं स्पेलिंग येईना. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावलं, शेजाऱ्याच्या पाटीवरून बघ म्हणून. पोराने बघितलं नाही, आणि वर्गातल्या बाकी सगळ्यांचं बरोबर आलं. आज असतं तर शाळेने पालकांना बोलावून घेतलं असतं: तुमच्या चिरंजिवांमुळे निकाल खाली आला.

पण खरी पंचाईत निकालानंतर होते. फवारणीच्या दिवसांत कपाशीच्या बांधावर उभं राहून औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचावं लागतं. एकराला इतके मिली, तर पंधरा लिटरच्या पंपात किती? दहावीत हे त्रैराशिक मोज्यात होतं. बँकेत कर्जाच्या कागदावर सही करताना व्याजाचा हिशेब कळावा लागतो. दहावीत तो शेजारच्या बाकावर होता. शेजारचा आता पुण्याला गेला. समोरचा साहेब बोट ठेवतो तिथे सही होते. तयार उत्तर घ्यायची सवय लागलेल्याला पुढे जन्मभर तयार उत्तरं विकणारे भेटतात, आणि त्यांच्यावर भरारी पथक येत नाही.

म्हणून आम्ही ‘स्वहस्त कॉपी योजना’ मांडत आहोत. नियम सोपे आहेत. प्रत्येक धड्याची चिठ्ठी विद्यार्थ्याने स्वतः करावी. गाईडावरून नव्हे, पुस्तकावरून. आकार काडीपेटीएवढा. जे त्यात मावणार नाही, ते मित्राला तोंडी समजावून सांगावं. दुसऱ्या दिवशी पहिली चिठ्ठी न पाहता तीच पुन्हा लिहावी, आणि जुळली नाही तर तिसऱ्या दिवशी. परीक्षेच्या सकाळी सगळ्या चिठ्ठ्या गेटवर भरारी पथकाकडे जमा कराव्यात आणि रिकाम्या खिशाने आत जावं. जुने मास्तर या प्रकाराला दुसरंच नाव देत; पण त्या नावाने योजना काढली की पोरं फिरकत नाहीत.

योजना चौकात बोलून दाखवली, तशी एका पालकाने मोठ्या आपुलकीने पहिली चौकशी केली:

“सर, ह्या चिठ्ठ्या तयार भेटते का कुठी? पोट्ट्याले लिवाले टाइम नाही ना.”