मामाचं बिल

आमच्या हिंगोलीकडे मामानं भाच्याकडून पैसे घेणं म्हणजे पाप. त्यामुळे देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर आंबून दादरला उतरल्यावर, स्टेशनासमोर ‘मामा काणे’ ही पाटी दिसताच आमच्या थोरल्या काकांचा चेहरा उजळला. "चल, आपलंच हाय," म्हणाले. बटाटेवडे मागवले. आमच्याकडचा आलूबोंडा तो हाच, पण दादरचं पाणी लागून जरा गोरा झालेला. बिल आल्यावर काका खरोखरच दुखावले. "मामा म्हणवता अन् पैसे घेता?" वेटरनं बडीशेपेची ताटली पुढे सरकवली.

हे मामा म्हणजे नारायण विष्णू काणे. १९१० साली त्यांनी दादरला दुकान मांडलं आणि पाटी लावली, ‘दक्षिणी ब्राह्मणाचे स्वच्छ उपहारगृह’. आज ही पाटी वाचताना आपण खाली बघतो. तेव्हा ती गिऱ्हाइकाचं जामीनपत्र होती. बाहेरचं खाणं हाच मुळी बाट! भूक लागलेल्या कारकुनाला वडा आधी जातीनं शुद्ध हवा, मग तेलानं. घरी विचारलंच तर सांगायला तोंड हवं ना.

गंमत अशी की तिकडे स्वित्झर्लंडमध्येही त्याच सुमाराला माणसं लाजतच जेवत होती. झुरिचचं ‘हिल्टल’ १८९८ पासून चालू आहे. जगातलं सर्वांत जुनं शाकाहारी रेस्टॉरंट म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. अँब्रोसियस हिल्टल नावाच्या शिंप्याला संधिवातानं धरलं, डॉक्टरनं मांस बंद केलं, आणि तो या हॉटेलात जेवायला लागला. पुढे त्यानं हॉटेलच चालवायला घेतलं आणि तिथल्या स्वयंपाकिणीशी लग्न केलं. पथ्यपाणी इतकं मनावर घेतलेला रोगी मी तरी दुसरा पाहिला नाही. गाववाले त्या जागेला कंदमुळांचा खंदक म्हणत, आणि बिचारी गिऱ्हाइकं मागच्या दारानं आत शिरत. इथे बाहेर खाल्ल्याची लाज, तिथे पाला खाल्ल्याची. दोन्हीकडे गल्ल्यावर मात्र घरचाच माणूस. १९५१ साली हिल्टलांच्या सूनबाई मार्ग्रिट दिल्लीला जागतिक शाकाहारी परिषदेला आल्या आणि इथल्या मसाल्यांच्या प्रेमात पडल्या. झुरिचच्या ताटात हळद पडली ती अशी. आमच्या वसमतच्या हळदीचा त्यात वाटा होता की नाही, देव जाणे. काका मात्र होता असंच धरून चालतात.

गल्ल्यावर घरचा माणूस का लागतो? मोजायला मशीन आहे, चोरी धरायला कॅमेरा आहे. पण "आज चटणी पांचट झाली" हे ऐकून ज्याच्या पोटात दुखतं, असा माणूस पगारावर मिळत नाही. पगारी मॅनेजर "बघतो सर" म्हणतो. मालकाचा पोरगा आधी भांडतो, मग आत जाऊन चटणी चाखतो.

झुरिचला आता चौथी पिढी आहे. आमच्याकडे गाडी दुसरीवरच अडते. औंढ्याच्या रस्त्यावर आम्ही ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं भजे अन् सुशीला खातो, त्या हॉटेलवाल्यांना काकांनी परवा विचारलं, "पोरगं बसते का गल्ल्यावर?"

"ते कायले बसते? पुण्याला असते, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करते."

"अन् जेवते कुठं?"

"मेसमधे," हॉटेलवाले म्हणाले. "रोज फोन करते, बाबा, भाजीत मीठच नसते म्हणून."