खातं तुमचं, सही साहेबांची

एबीसी आयडी नसेल तर परीक्षेचा फॉर्म भरला जाणार नाही, अशी सूचना हल्ली कॉलेजच्या फलकावर ठळक अक्षरांत लागलेली असते. मुलं निमूट डिजिलॉकर उघडतात, आधार जोडतात, बारा आकडी नंबर काढतात, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात आणि विसरून जातात. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स असं या बँकेचं भारदस्त नाव. खातं विद्यार्थ्याच्या नावावर. त्यात भरणा करण्याचा अधिकार संस्थेचा, आणि भरलेलं पदवीत धरायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकारही संस्थेचाच. खातेदारानं फक्त शिल्लक बघायची. सहकारी बँकांत आयुष्याची पुंजी अडकवून बसलेली माणसं गावोगाव असलेल्या आपल्या राज्यात मुलांना ही सवय लवकर लागलेली बरी.

कागदावर मात्र उदारपणाला तोड नाही. यूजीसीनं जुलै 2021 मध्ये या बँकेचे नियम काढले. मान्यता असलेल्या कुठल्याही संस्थेत क्रेडिट मिळवा, जास्तीत जास्त सात वर्षं जपून ठेवा, निम्मे तरी पदवी देणाऱ्या संस्थेत घ्या, म्हणजे झालं. ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्सना 2016 मध्ये 20 टक्क्यांची मर्यादा होती, तीही 2021 मध्ये 40 टक्क्यांवर नेली. म्हणजे एका सत्रातल्या पाच विषयांपैकी दोन विषय मुलानं घरी बसून आयआयटीच्या प्राध्यापकाकडून शिकले तरी सरकारची हरकत नाही.

हरकत सरकारची नसतेच. ती खिडकीवर असते.

तालुक्याच्या गावातला एखादा मुलगा घ्या. ‘स्वयम्’वरचा, आयआयटींच्या एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा कोर्स त्यानं मोबाइलवर केला. दर आठवड्याला असाइनमेंट, त्यांचे 25 गुण. शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा, तिचे 75. असाइनमेंटमध्ये किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 मिळाले तरच सर्टिफिकेट. एकीकडचे गुण दुसरीकडे चालत नाहीत. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेला हजारभर रुपये पडतात. केंद्र गावात नसतंच, तेव्हा पहाटेची एसटी. एवढं करून पोरगा पास होतो आणि सर्टिफिकेटची प्रिंट घेऊन ऑफिसात जातो.

“सर, हे क्रेडिट लावायचे होते.”

“कशात?”

“ओपन इलेक्टिव्हमध्ये.”

“किती आहेत?”

“तीन.”

“अरे बाबा, आपल्याकडे ओई दोनचं असतं, नाहीतर चारचं. तीनचं कुठं बसवू तुझं?”

क्लार्कची चेष्टा करू नका, त्याचा हिशोब बरोबर आहे. एनपीटीईएलचे चार आठवडे म्हणजे एक क्रेडिट, आठ म्हणजे दोन, बारा म्हणजे तीन. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या कॉलेजांतले पेपर बहुतेक ठिकाणी दोनचे किंवा चारचे. चारच्या जागी एक कमी पडतं, दोनच्या जागी एक उरतं. देशभर एकच चलन चालावं म्हणून बँक काढली आणि सुट्ट्या पैशांवरून गिऱ्हाईक परत पाठवलं.

मग सर्टिफिकेटचा प्रवास सुरू होतो. क्लार्क म्हणतो एचओडींची सही आणा. एचओडी म्हणतात सिलॅबस जुळतो का ते बघावं लागेल, बीओएसला, म्हणजे अभ्यास मंडळाला, ठेवू. बीओएसची बैठक सत्र संपल्यावर. तिथून विद्या परिषद. तोवर कॉलेजातला तोच पेपर मुलानं दिलेला असतो, कारण न द्यावा तर एटीकेटी कपाळी. आता क्रेडिट मिळूनही त्याला उपयोग नाही. फाईल मात्र जिवंत असते.

वरकरणी शंका दर्जाची असते. ‘हे ऑनलाइनवालं कितपत धरायचं?’ असं विचारलं जातं. विचारावं जरूर, पण विचारणारं कॉलेज कोणतं तेही बघावं. ज्याच्या इंटर्नलच्या यादीत 40 पैकी 32 च्या खाली कुणी उतरत नाही, मग वर्ग भरो न भरो, ते. ज्याच्या टाइमटेबलवर दोन क्रेडिटचा भारतीय ज्ञानपरंपरेचा तास आहे आणि तो कुठल्या खोलीत होतो हे शिपायालाही माहीत नाही, ते. अशा कॉलेजनं आयआयटीत बेतलेल्या आणि पहाऱ्यात घेतलेल्या परीक्षेच्या दर्जाबद्दल चिंताक्रांत होण्यात एक भाबडा थोरपणा आहे.

दुसरी बाजू नाही असं नाही. असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवर फिरतात, हे खरं. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा मोबाइलमध्ये मावत नाही, हेही खरं. सोपे कोर्स हुडकून गोळा करणारी मुलंही असतात. पण 75 गुणांची परीक्षा टेलिग्राम देत नाही. आणि तयार उत्तरांचा एवढाच विटाळ असेल तर कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडची ‘मोस्ट आयएमपी’ एकदा चाळावी.

खरी गोम आहे वर्कलोडमध्ये. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकानं आठवड्याला 16 तास शिकवायचं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांनी 14. हे तास भरले तर पद शिल्लक, नाहीतर अतिरिक्त ठरण्याची भीती. बाहेरून आलेलं प्रत्येक क्रेडिट कुणाच्या तरी तासावर बसतं. शंभर मुलांनी ओई ‘स्वयम्’वर केलं तर गावातली एक तुकडी रिकामी. आणि कात्री चालली की पहिला कापला जातो सीएचबीवाला, म्हणजे तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. नेट-सेट झालेला, तासावर पैसे घेणारा, दिवाळीचे पैसे शिमग्याला मिळाले तरी पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला उभा राहणारा. तेव्हा पोराचं सर्टिफिकेट टेबलाच्या खणात सरकवणारे एचओडी खलनायक नसतात. त्यांच्या विभागात दोन सीएचबीवाले असतात आणि दोघांची लग्नं झालेली असतात.

हे कुणी उघड बोलत नाही. परिपत्रकात ‘विद्यार्थीकेंद्री’ लिहायचं आणि अनुदान तासावर मोजायचं, ही दोन टेबलं एकाच मंत्रालयात असली तरी एकमेकांकडे फाइली पाठवत नाहीत. जागा भरायच्या नाहीत, तास कमी होऊ द्यायचे नाहीत आणि क्रेडिट मात्र देशभर हिंडू द्यायचं. या तिन्हीचा खर्च शेवटी एकाच घरातून निघतो: कॉलेजची फी पूर्ण भरलेली असते, वर परीक्षेचे हजार, वर एसटी. दोन विषय बाहेर शिकले म्हणून फीतले चार पैसे परत दिल्याची पावती कुणी पाहिली असेल तर या सदराच्या पत्त्यावर पाठवावी, फ्रेम करून लावू.

अमेरिकेतही यापेक्षा फार वेगळं आहे अशातला भाग नाही. तिथे कॉलेज बोर्डाची क्लेप नावाची परीक्षा 1967 पासून आहे. वर्गात पाऊल न टाकता विषय येतो हे सिद्ध करा, 20 ते 80 च्या मोजपट्टीवर 50 मिळवा, अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन क्रेडिटची शिफारस करते. शिफारसच करते. मानायचं की नाही हे ज्या त्या कॉलेजच्या मर्जीवर. तिथली आवडती युक्ती अशी की क्रेडिट हसतमुखानं घ्यायचं, ‘इलेक्टिव्ह’ म्हणून नोंदवायचं आणि मुख्य विषयातला पेपर पुन्हा पैसे भरून करायला लावायचा. एकूण क्रेडिट वाढतात, पदवी जवळ येत नाही. फरक इतकाच की न्यू जर्सीत थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटीसारखी एक संस्था 1972 पासून अशाच इकडून-तिकडून क्रेडिट घेऊन येणाऱ्या प्रौढांवर चालते. म्हणजे नकाराची खिडकी बंद करून पुढच्या दारात जायची सोय तरी आहे.

आपल्याकडे सोय नियमातच करून ठेवली आहे, फक्त ती कुणी वाचत नाही. ‘स्वयम्’नं येत्या सत्राच्या कोर्सची यादी दर वर्षी 1 जून आणि 1 नोव्हेंबरला विद्यापीठांना कळवायची, त्यातले कोणते कोर्स क्रेडिटसाठी चालतील हे विद्यापीठांनी चार आठवड्यांत ठरवायचं. याचा सरळ अर्थ असा की ‘कशात बसवू?’ हा प्रश्न पोरानं पहिला व्हिडिओ उघडण्याआधीच मिटलेला असायला हवा. काही स्वायत्त कॉलेजं खरंच अशी यादी लावतात, समोर आपल्या पेपरचा कोड छापतात, आणि तिथल्या मुलांना या लेखात काय चाललंय ते कळणारही नाही.

बाकीच्यांनी कोर्सला नाव घालण्याआधी ऑफिसात एक अर्ज द्यावा: या सत्राची मंजूर यादी मिळावी. अर्ज दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचाच. पुढच्या सत्रात याच विषयाचा अर्ज देताना ‘संदर्भ’ म्हणून लागतो.