गृहस्थाश्रमातील खार : एक साधार विवेचन

निवारणाआधी प्रमाण हवे. झाडावरचा पेरू कोणी खाल्ला याचा निवाडा होण्याआधीच तिखटाचा डबा घेऊन बाल्कनीत धावणाऱ्या उतावळ्या गृहस्थांमुळे खारनिवारणशास्त्राची आजवर पुष्कळ बदनामी झाली आहे. संशयित चार : वटवाघूळ, पोपट, खार आणि शेजाऱ्यांचा नातू. नुकसान रात्रीत झाले असेल तर खार निर्दोष. ती उजाडल्यावर कामाला लागते आणि दिवेलागणीला घरी जाते. पेरू अर्धवट कोरून खाली टाकलेला असेल तर पोपट. त्याच्याइतका उधळ्या खाणारा मंगल कार्यालयातल्या पंगतीतही सापडायचा नाही. फळ देठासकट नाहीसे झाले असेल तर नातू. मात्र भरदिवसा, दोन पायांवर बसून, पुढच्या दोन हातांत फळ धरून, मालकाकडे बघत बघत कोणी खात असेल, तर अनुमानाची गरज उरत नाही. ते प्रत्यक्ष प्रमाण.

आरोपी ठरला तरी शिक्षा लगेच देता येत नाही, कारण मध्ये रामायण येते. सेतू बांधताना वाळू वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामाने बोटे फिरवली, ही कथा मराठी घरात पाळण्याबरोबरच येते. वाल्मीकींच्या रामायणात ती नाही, हा मुद्दा जेवताना काढून पाहावा. उपयोग शून्य, आणि भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार करण्याचा अधिकारही त्या दिवसापुरता जातो. (‘खारीचा वाटा’ या वाक्प्रचारावर येथे कोटी करण्याचा मोह प्रस्तुत लेखकाने आवरला आहे. इतरांनीही आवरावा.)

या पेचात प्राणिशास्त्राने अनपेक्षित मदत केली आहे. आपल्या अंगणातल्या खारी दोन जातींच्या. तीन पट्ट्यांची, जिला लिनियसने १७६६ साली शास्त्रीय नाव दिले. आणि पाच पट्ट्यांची, जिला वनखात्यातल्या रॉटन नावाच्या अधिकाऱ्याने १९०५ साली दिले. पहिली दक्षिण भारतातली आणि श्रीलंकेतली, दुसरी मुख्यतः उत्तरेची. सेतू कोणत्या दिशेला झाला हे सर्वमान्य आहे. म्हणजे प्रत्यक्ष कामावर हजर होती ती तीन पट्ट्यांची, आणि पाचवालीने वरदानावर हक्क सांगण्याआधी हजेरीपत्रक दाखवावे. महाराष्ट्रात दोघींच्या हद्दी एकमेकींत मिसळलेल्या असल्याने पुण्यामुंबईकडच्या गृहस्थाने तिखट उधळण्यापूर्वी पट्टे मोजणे हे धर्मशास्त्रदृष्ट्या अनिवार्य ठरते. अडचण एवढीच की पाचांपैकी बाजूचे दोन पट्टे फिकट असतात आणि खार मोजणीला सहकार्य करत नाही. संशयाचा फायदा आरोपीला, या न्यायाने आजवर एकीलाही शिक्षा झालेली नाही.

आता उपाय. तिखटाचे समर्थक सांगतात की मिरचीतला झोंबणारा अंश सस्तन प्राण्यांना जाणवतो, पक्ष्यांना जाणवत नाही. हे अगदी खरे आहे. पोपट हिरवी मिरची मिटक्या मारत खातो ती यामुळेच. पण याच नियमाने तिखट झोंबणाऱ्यांच्या यादीत गृहस्थही येतो, आणि वारा बाल्कनीतून दिवाणखान्याकडे वाहतो. शिवाय एका पावसात सगळा मसाला खालच्या मजल्यावरच्या वाळवणावर उतरतो.

प्लॅस्टिकचे घुबड हा उपाय तर कोणी सुचवला याचा शोधच घ्यायला हवा. घुबड रात्रपाळीला, खार दिवसपाळीला. दोघांची गाठ पडणार कधी? भीती घालायचीच तर शिक्र्याची घालावी, तो दिवसाढवळ्या खार उचलतो. पण बाजारात प्लॅस्टिकचा शिक्रा मिळत नाही, आणि मिळाला तरी महिनाभर एकाच कुंडीवर बसून राहिलेल्या शिक्र्याला खार ओळखणार नाही असे मानणे हा तिचा अपमान आहे.

जाळीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणे हा तिचा छंद नव्हे, नित्यकर्म आहे. कबुतरांसाठी बसवलेली नायलॉनची जाळी ती आधी शिडी म्हणून वापरते, मग तिला एक सुबक दार पाडते. त्या दारातून कबुतरे आत येतात. अर्ध्या इंचाच्या भोकांची लोखंडी जाळी मात्र टिकते. ती टिकते म्हणूनच कोणी बसवत नाही. बसवली की तक्रार करायला काय उरले?

कोकणात माडाच्या खोडाला पत्र्याचा पट्टा ठोकतात. उंदीर त्यावरून घसरतो. खार घसरण्याच्या भानगडीत पडत नाही. दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवण्याची शिफारस असते, पण वर झावळ्या एकमेकींना भेटतातच, आणि तिचा रस्ता वरूनच जातो.

पिंजऱ्यात धरून दुसऱ्या उपनगरात सोडण्याचा विचारही मनात आणू नये. एक तर कायद्याच्या लेखी खार वन्यप्राणी आहे. दुसरे म्हणजे त्या उपनगरातले गृहस्थही हाच विचार करत असतात.

आपल्या ढिलाईमुळे हे सारे होते असे ज्यांना वाटते, त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थकडे पाहावे. तेथील प्राणिसंग्रहालयाने १८९८ साली आपल्याकडची पाच पट्ट्यांची खार नेऊन सोडली. परदेशी प्राण्यांबाबत अत्यंत कडक असलेल्या त्या देशात ती अजून आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व उपाय फसण्याचे कारण खारीत नाही, घरात आहे. एकाच घराच्या दक्षिण खिडकीत मिरचीपूड पसरली जाते आणि उत्तर खिडकीत सासूबाई वाटीत शेंगदाणे ठेवतात. जगातली कोणतीही तटबंदी आतून रसद पुरवली जात असताना टिकलेली नाही. याबाबत सासूबाईंशी चर्चा केली असता ‘अहो, तिला बिचारीला काय कळतंय दक्षिण आणि उत्तर’ असे उत्तर मिळाले, जे तर्काला धरून नसले तरी अंतिम होते.

राहता राहिला एसीचा प्रश्न. एप्रिलअखेर बाहेरच्या युनिटमधून विचित्र आवाज येऊ लागल्याने मेकॅनिकला बोलावले. त्याने झाकण उघडले, आत डोकावून पाहिले. नारळाचा काथ्या, पोछ्याचे धागे आणि आमच्याच उशीतला कापूस यांचे एक उत्तम घरटे तेथे होते. त्याने झाकण हलकेच लावले.

‘काका, पिल्लं आहेत. महिनाभर एसी लावू नका.’

सासूबाईंनी त्याला चहा दिला. त्याने व्हिजिट चार्ज घेतला आणि पावतीवर ‘काम पूर्ण’ असे लिहून सही केली.