सम्राटाच्या वाड्यातलं अतिक्रमण

‘एक दिवस निवांत, पायी फिरायचं,’ असं ठरवून आम्ही क्रोएशियातल्या स्प्लिटला उतरलो. सोबत मेहुणे होते. पालिकेच्या बांधकाम परवाना खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाबरोबर निवांत फिरता येत नाही, हे मला पाचव्या मिनिटाला कळलं.

स्प्लिटच्या जुन्या गावाचा गाभा म्हणजे एक वाडाच. रोमन सम्राट डायोक्लेशियनने 305 साली आपणहून गादी सोडली आणि समुद्रकाठी बांधून घेतलेल्या या राजवाड्यात तो राहायला आला. एक बाजू सुमारे 215 मीटर, दुसरी 180च्या आसपास. पुढे सातव्या शतकात शेजारचं सलोना शहर उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथली माणसं जीव घेऊन या तटाआड शिरली. शिरली ती शिरलीच. त्यांनी कमानी बुजवून खोल्या काढल्या, खांबांमध्ये भिंती घातल्या, तटाला खिडक्या फोडल्या. आजही इथे लोक राहतात. एका कमानीत एसीचं खोकं लटकत होतं. खालच्या दोरीवर तीन बनियन आणि एक निळी चादर. चादरीचं पाणी सतराशे वर्षांच्या दगडावर टपटपत होतं.

“सगळं अनधिकृत,” मेहुणे म्हणाले.

“युनेस्कोने 1979 साली जागतिक वारसा जाहीर केलंय.”

“म्हणजे नियमित केलं!” त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच आदर आला. “दंड किती भरून घेतला?”

पुढे ज्युपिटरच्या देवळाशेजारी एक बोळ लागला. त्याचं नावच ‘मला जाऊ दे’. समोरून एक बाई आल्या, मेहुणे पोट आत घेऊन भिंतीला चिकटले आणि तशाच अवस्थेत म्हणाले, “अग्निशमनाची गाडी कुठून नेणार?”

कॅथेड्रल मात्र त्यांना मनापासून आवडलं. ख्रिश्चनांचा छळ केलेल्या डायोक्लेशियनने स्वतःसाठी बांधलेली ही समाधी. पुढे तिचंच चर्च झालं, आणि नाव मिळालं सलोनाच्या बिशप डोम्नियसचं, जो याच सम्राटाच्या राजवटीत मारला गेला. सम्राटाच्या देहाचा आज पत्ता नाही. “वापरात बदल,” मेहुणे पुटपुटले. “असली फाइल मीसुद्धा पाहिली नव्हती.”

आमच्या पुण्यात हा वाडा असता, तर भाडेकरू-मालक दावा तिसऱ्या पिढीत मिटला असता, बिल्डर आला असता आणि दिंडी दरवाजा तेवढा टॉवरच्या लॉबीत शोभेला उरला असता. स्प्लिटचा वाडा टिकला तो लोक त्यात घुसले म्हणून. हे मी मेहुण्यांना सांगितलं नाही. त्यांनी जन्मभर पाडापाडीच्या नोटिसांवर सह्या केल्यात (पाडापाडी क्वचितच झाली, तो भाग वेगळा).

दुपारी चौकातल्या पायऱ्यांवर कॉफी घेतली. बिल पाहून मला 301 साल आठवलं. तेव्हा डायोक्लेशियनने हजारावर जिनसांचे कमाल दर ठरवून दिले होते आणि मोडणाऱ्याला देहदंड ठेवला होता. परिणाम? माल बाजारातून गायब. इथे निदान कॉफी मिळत होती. शेजारचा स्थानिक गृहस्थ एकाच कपावर तासभर बसला होता. या सुस्तीला इकडे ‘फ्याका’ म्हणतात आणि ती अभिमानाने मिरवतात. मेहुणे मोबाइलवर पावलं मोजत होते: 6,412. दहा हजार झाल्याशिवाय त्यांना निवांत वाटत नाही.

मी त्यांना डायोक्लेशियनच्या कोबीची गोष्ट सांगायला घेतली. गादी सोडल्यावर जुने सहकारी त्याला परत बोलवायला लागले. तो म्हणाला म्हणे, माझ्या हाताने लावलेले कोबीचे गड्डे पाहाल, तर असलं काही सुचवणार नाही.

“वा!” मेहुणे म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. निवृत्तीनंतर ते एका बिल्डरचे सल्लागार आहेत. ते उठून समाधीच्या खांबाआड गेले. दबका आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, “अहो, वाडा धोकादायक दाखवा आधी. मी सोमवारी येतोच.”

परत आले तेव्हा 6,460 झाली होती.